बूट दाराबाहेर

"जर्मन छत्रीधारी सैनिकांचं आपल्याला काय गं, मीरा?" बाबा नागपूरहून दर पत्रात विचारायचे. मी उत्तरात फक्त इथल्या थंडीबद्दल लिहायचे. हट्टीपणात आमच्या घरात माझा हात कोणी धरणार नाही.

१९८६ साल, अमेरिकेतलं स्टेट कॉलेज नावाचं गाव, तिथली युनिव्हर्सिटी. माझ्या पीएच.डी.चा विषय होता त्यांची एक ब्रिगेड. दुसरं महायुद्ध संपता संपता ती बरखास्त झाली, तिथवरचे कागद होते. शेवटच्या तुकडीतले एकेचाळीस जण मात्र कुठेच सापडत नव्हते. प्रोफेसरांनी बजावलं होतं, "ते शोध, नाहीतर थीसिसचा डिफेन्स विसर." मेमध्ये माझा व्हिसा संपत होता.

फेब्रुवारीत एका दुपारी लायब्ररीत माझ्या टेबलाशी एक जर्मन म्हातारा येऊन बसला. नाव क्राउझे. बाहेर सगळं गोठलेलं आणि याच्या बुटांना ओला चिखल. मी विचारलं नाही. मला माहिती हवी होती. तीन दुपारी त्यानं सगळं सांगितलं. कुठली नदी, कुठलं शेत, एकेकाचं नाव. प्रत्येक नावानंतर तो थांबायचा, कुणीतरी 'हजर' म्हणेल म्हणून थांबल्यासारखा.

निघताना तो म्हणाला, "आय गो."

"आमच्यात जातो म्हणत नाहीत. येतो म्हणायचं."

"येतो," तो अगदी स्वच्छ म्हणाला.

"या," मी सवयीनं म्हणाले. "घरीच या एकदा. फक्त बूट दाराबाहेर काढायचे हं."

मी त्या शेताजवळच्या जर्मन गावच्या कचेरीला पत्र टाकलं. त्यांनी शेत खणलं. एकेचाळीस सांगाडे, गळ्यात एकेचाळीस लष्करी बिल्ले; त्यांच्या नंबरांवरून निघालेली नावं माझ्या यादीशी तंतोतंत. त्यातलं एक नाव क्राउझे. भाऊबिऊ असेल, मी स्वतःला समजावलं.

मेमध्ये डिफेन्स झाला. प्रोफेसरांनी उभं राहून हात मिळवला. चाळीस वर्षं बेपत्ता असलेली माणसं नावानिशी पुरली गेली, ती माझ्यामुळे. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

रविवारी दुपारी पार्टी ठेवली. रूममेट दीपानं तर्री-पोहे केले. पाहुणे यायला अजून तासभर होता. कचरा टाकायला म्हणून तिनं दार उघडलं आणि तिथेच थांबली.

"मीरा, तू किती जणांना 'या' म्हणालीस?"

मी एकालाच म्हणाले होते, आदरानं.

पॅसेजमध्ये बूट ओळीनं काढून ठेवले होते. जिन्यापर्यंत.

मी मोजले. एकेचाळीस जोड.

चिखल अजून ओला होता, आणि टोकं आमच्या दाराकडे होती.