डोळ्यांवरचा हात

करवतीचा आवाज बाजीनं तरुणपणी एका रात्री ऐकला, आणि तेव्हापासून सुताराच्या दारावरून जाणंच सोडलं. बाजी मेंढरंवाला. कोळवणच्या अंगाला त्याचं बिऱ्हाड असतं. माझ्या बसण्याउठण्यातला माणूस, खोटं बोलणारा नव्हे. त्याच्यावर गुदरलेलं सांगतो, जरा जवळ सरकून बसा.

गेल्या माघातली अमावास्या. निषाद नावाच्या पुण्याच्या मुलानं खोऱ्यात फार्महाउस घेतलंय. आंब्याच्या रोपांना खत मिळावं म्हणून त्यानं बाजीची मेंढरं रानात बसवली होती. दिवस मावळल्यावर बाजी बंगल्यावर पाण्याची कळशी भरायला गेला. अंगणात चादर बांधून, तिच्यावर मशीननं चित्र पाडून निषाद आणि त्याची मैत्रीण हीना पिक्चर बघत होते.

"बसा ना, बाजीकाका," निषाद म्हणाला. "जुना इंग्रजी पिक्चर आहे. भुलीचं औषध निघायच्या आधी डॉक्टर माणसं कशी कापायचे, ते दाखवलंय."

"झोप लागणार नाही हं, काका," हीना हसली.

"लांडग्याला भ्यालो न्हाई पोरी, तुमच्या चादरीला भितोय व्हय?"

कळशी खाली ठेवून तो उकिडवा बसला.

पडद्यावर काळंपांढरं चित्र. टेबलावर एक पोर निजवलेलं. चौघांनी त्याचे हातपाय धरलेले. एकानं त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकलं. डॉक्टरनं करवत उचलली...

"बंद करा," बाजी म्हणाला.

त्याचा एकुलता एक पोरगा बहिरू लहानपणीच गेला होता. दगड पडून पाय चेचला, मग सडला. पावसाळा होता, ओढ्याला पूर, पलीकडं जायला वाट नाही. वस्तीवर एक कंपाउंडर उतरलेला होता. तो म्हणाला, "आत्ता कापला तर वाचेल. भुलीचं औषध माझ्याकडं नाही. घट्ट धरा." पोराच्या आईला, बानूबाईला, बाहेर काढलं. बाजीनं पोराला धरलं, मेंढरू धरतात तसं. एक हात खांद्यावर, एक डोळ्यांवर. डोळे झाकले की मेंढरू गप पडतं. त्याला तेवढंच ठाऊक होतं.

पोर गप पडलं नाही. "आबा, कुटं गेलास? आबा..." म्हणत राहिलं. बाजीच्या घशातून शब्द फुटला नाही. हात उचलला तेव्हा सगळं संपलं होतं. बाप उशाशीच होता, हे पोराला कळलंच नाही. बाजीला खात होतं ते एवढंच.

निषादनं मशीन बंद केलं. "सॉरी काका," म्हणाला. दोघं आत गेले. अंगणात काळोख झाला. बाजीनं कळशी उचलली.

चादर हलली. वारा नव्हता.

"आबा..."

बाजी थांबला.

"आबा, कुटं गेलास?"

मशीन बंदच होतं. पण चादरीमागं काहीतरी होतं... चेहऱ्याएवढं. श्वास घेणारं.

बाजीचे पाय मागं सरकले. मग थांबले. मग पुढं आले. त्यानं चादरीवर तळहात ठेवला. खाली पापण्या फडफडल्या.

"हितंच हाय रं," तो म्हणाला. "तवाबी हितंच हुतो. माझाच हात हुता त्यो..."

पापण्या फडफडत राहिल्या. थोड्या वेळानं... थांबल्या. हाताखाली नुसतं कापड राहिलं.

बाजी रिकाम्या हातानं बिऱ्हाडावर आला, तेव्हा बानूबाई चुलीशी जागी होती.

"पाणी कुटाय? आन् असं का बगताय?"

बाजीनं तळहात पुढं केला. मधोमध दोन ओले ठिपके होते. लहान पोराच्या डोळ्यांत असतं, तेवढंच त्यांच्यात अंतर. तिनं पदरानं पुसले. बघता बघता पुन्हा ओले झाले. पुन्हा पुसले. पुन्हा...

मग बाजीनं तिला अंगणातलं सगळं सांगितलं. त्या रात्रीचंही सांगितलं. ते आजवर सांगितलं नव्हतं.

बानूबाई त्या हाताकडं बघत होती.

"मी भाईर उभी हुते," ती म्हणाली. "त्यो तुमाला हाका मारत हुता. मला वाटलं, तुमाला बगवलं न्हाई... तुमी उटून गेलात."

"न्हाई गं."

"मंग डोळं झाकून त्येला अंधार कुणी केला?"

बाजीचा ओला हात तसाच पुढं होता.

बानूबाईनं तो हळूच त्याच्या मांडीवर ठेवला. उठली. आणि मेंढरांच्या अंगानं अंधारात चालत गेली.