सासूबाईंच्या तरुण पेशी

बार्शीच्या हर्षदा बुरगुटे वयाने अठ्ठावन्न, पण त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी मात्र जेमतेम तिशीच्या! पुण्याच्या प्रयोगशाळेत हा निकाल बघून डॉ. इरावती गुंजाळ खुर्चीतून उठल्याच. चिरतारुण्याचं गुपित सापडलं म्हणून बाई हातातली कामं टाकून, यंत्र गाडीत घालून थेट हर्षदाबाईंच्या दारात हजर.

हे यंत्र म्हणजे पेशीघड्याळ. गर्भाशयमुखाचा कर्करोग काही एका रात्रीत होत नाही. विषाणू मुक्काम ठोकतो आणि पेशी वर्षानुवर्षं हळूहळू बिघडत जातात. घरीच छोट्या ब्रशने घेतलेल्या नमुन्यातून हे घड्याळ पेशींचं वय सांगे आणि बिघाड कधी सुरू झाला तेही. वेळेत कळलं तर दहा मिनिटांच्या उपचारात काम फत्ते. बायकांनी दरवर्षी नमुना द्यायचा, बस्स.

"काय खाता हो तुम्ही?" इरावतींनी कौतुकाने विचारलं.

हर्षदाबाई सुनेकडे बघायला लागल्या. सून, आरोही, पांढरीफटक पडली.

"मॅडम, ते नमुने माझे आहेत. आईंना नमुना घ्यायला कसंतरीच होतं. सहा वर्षं दोघींचे मीच देतेय."

"अहो, काय हे!" इरावतींचा आवाज चढला. "हर्षदाताई, काही त्रास?"

"पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण अधूनमधून डाग दिसतो. रिपोर्ट चांगला येत होता ना, म्हणून गप्प बसले."

कुणाचा रिपोर्ट? स्वतःच केलेल्या फसवणुकीवर हर्षदाबाईंचा विश्वास बसला होता!

हर्षदाबाई आत गेल्या आणि स्वतःचा नमुना घेऊन आल्या. यंत्र घरघरू लागलं. आरोहीने सासूचा हात घट्ट धरला. निकाल उमटला तसा इरावतींनी पडद्यावर तळहात ठेवला.

"कर्करोग आहे. उपचार मोठा लागेल, पण आशा आहे. उद्याच दवाखान्यात चला."

"कधीपासून?" आरोहीने विचारलं.

"ते कळून काय करायचंय?"

"हात काढा, मॅडम."

इरावतींनी हात काढला. बिघाड चार वर्षांपूर्वी सुरू झाला होता. तेव्हा कळलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं.

"रडतेस कशाला?" हर्षदाबाई म्हणाल्या. "मला नको म्हणून मीच सांगितलं होतं ना तुला?"

"हो आई," आरोही म्हणाली. "पण नमुना दिला मीच ना."