डुकरांच्या घाणीखालचं गाव

"ई! ई! ई! उस्तिम, मला वर ओढ ना!"

यार्को गुडघ्यापर्यंत डुकरांच्या घाणीत उभा होता. चेरीच्या फांदीला लोंबकळताना हात सुटला आणि तो थेट घळीत!

"आधी शपथ घे, मला चिकटणार नाहीस!" उस्तिम काठावरून ओरडला. तो चौदा वर्षांचा होता, पण माशी बसलेल्या ताटाकडे नुसतं बघूनही त्याला मळमळायचं.

झ्लाताने नाकाला रुमाल बांधला आणि लांब फांदी खाली धरली. गेल्या सुट्टीत याच घळीतला ओढा इतका स्वच्छ होता, की तिघं भावंडं त्यात पाय सोडून बसायची. यंदा वराहपालन केंद्राच्या ट्रॉल्या इथेच रित्या होत होत्या. वर हिरवट फेस, त्यात मेलेली पिल्लं आणि घोंघावणाऱ्या माशा!

"बरं झालं, खाली विटा होत्या, नाहीतर बुडालोच असतो," वर आलेला यार्को म्हणाला. त्याच्या मुठीत एक तांबडं ढेकूळ होतं.

झ्लाताने ते पानांनी पुसलं. ढेकळाच्या एका बाजूला फोडलेल्या लाकडाचा ठसा होता. मोडलेल्या कडेत भुसा जळून पडलेली बारीक बारीक भोकं दिसत होती.

"विटेला कुणी लाकडावर थापतं का?" ती पुटपुटली. "चला, मेलानियाआजीकडे!"

"अशा वासात?"

"तिला चालेल."

मेलानियाआजी अंगणात दुखरा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिने ढेकूळ हातात घेतलं आणि नाक न मुरडता डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याने तिने लाकडाचा ठसा चाचपला.

"घराची भिंत आहे ही," ती म्हणाली. "कुडाला लिंपलेली माती. इथले प्राचीन शेतकरी, त्रिपिल्या संस्कृतीचे लोक, जुनं घर सोडताना पेटवून द्यायचे. माती भाजून अशी कडक व्हायची. सहा हजार वर्षं टिकली, आणि आता डुकरांच्या..."

टेकडीखाली मोठं गाव पुरलेलं आहे, असं आजी तरुण असल्यापासून सांगत होती. कीव्हच्या पुरातत्त्व संस्थेतले तिचे वरिष्ठ तिला हसले. "शेणामातीतल्या शेतकऱ्यांचं नगर? घरी जा, मुली!" तिने शब्द मागे घेतला नाही, म्हणून तिथली नोकरी गेली. मग गावच्या शाळेत इतिहास शिकवायचा आणि दर वसंतात नांगरटीमागून खापरं वेचत चालायचं, असं तिचं आयुष्य गेलं. पुढे आसपासच्या शेतांत अशीच गावं सापडली, हसणाऱ्यांनी त्यांवर जाड पुस्तकं लिहिली. ही टेकडी मात्र कुणी खणलीच नाही.

"उद्या सकाळी पुरातत्त्व खात्याची समिती येतेय," आजी म्हणाली. "केंद्राचा व्यवस्थापक वादिम म्हणतो, चाचणीचा खड्डा खणला, काही निघालं नाही. त्यांनी सही केली की टेकडी पोखरून घाणीचा हौद बांधणार."

"खोटारडा!" यार्को उसळला. "निघालेलं सगळं त्याने घळीत ओतलंय! हे ढेकूळ त्यांच्या तोंडावर मारू!"

"वादिम म्हणेल, म्हातारीच्या फडताळातलं आहे. जागेवरून उचललेली वस्तू मुकी होते रे."

मुलं तडक टेकडीवर गेली. खड्डा उघडाच होता. भिंतीत तांबड्या ढेकळांचा पट्टा होता आणि त्यातून एक खापर डोकावत होतं. नारिंगी रंगावर काळं वळण, आणि कड ताजी मोडलेली!

उस्तिमने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" झ्लाता किंचाळली. "भिंतीत आहे तोवरच ते बोलतंय! कड ताजी आहे, म्हणजे यंत्राच्या दातांनी मोडलं. उरलेला तुकडा या खड्ड्याच्या मातीबरोबरच गेला."

"म्हणजे घळीत?" उस्तिमचा चेहरा पांढरा पडला.

"घळीत."

त्या संध्याकाळचं वर्णन जेवताना वाचू नये. तिघांनी जुने गमबूट चढवले आणि फावड्याने खापर फुटेल म्हणून हातांनीच चाचपडायला सुरुवात केली. कोपरापर्यंत कोमट, बुळबुळीत घाण! माशा ओठांवर बसत होत्या. यार्कोच्या हाती डुकराचा जबडा लागला. उस्तिम दोनदा काठावर जाऊन ओकला आणि दोन्ही वेळा परत उतरला.

"मिळालं!" तोच ओरडला. "काळं वळण! ई... पण मिळालं!"

सकाळी टेकडीवर तंबू होता. टेबलावर सालो म्हणजे खारवलेल्या डुकराच्या चरबीचे काप, काकड्या, पाव आणि व्होडका. समितीचे तिघे खड्ड्याकडे पाठ करून खात बसले होते! अध्यक्षांच्या बोटांना चरबी लागली होती आणि त्याच बोटांत पेन होतं. झ्लाताला काल घळीत आली नव्हती इतकी किळस आता आली.

"काय रे, वास मारताय! पळा इथून!" वादिम गुरगुरला.

"तुमच्याच डुकरांचा आहे, काका," यार्को नम्रपणे म्हणाला.

झ्लाताने तुकडा पुढे केला. "हा या खड्ड्यातला आहे."

"म्हातारीने शिकवून पाठवलंय! हा तुकडा इथला नाहीच. खणताना मी स्वतः उभा होतो. एकसुद्धा खापर नव्हतं!"

"नक्की, काका? एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही! सगळ्यांसमोर सांगतो!"

"मग खाली या आणि तेच सांगा."

अध्यक्ष बुटांकडे बघत कुरकुरले, पण तेवढ्यात यार्कोने मोटरसायकलच्या साइडकारमधून मेलानियाआजीला येताना पाहिलं. शेजाऱ्याने तिला खड्ड्याच्या काठाशी उतरवलं. "मी लंगडत येते," ती अध्यक्षांना म्हणाली, "तुम्हाला दोन धड पाय आहेत!"

सगळे खाली उतरले. झ्लाताने भिंतीतल्या खापराला न हलवता हातातला तुकडा त्याच्या कडेशी नेला. मोडक्या कडांचे दात दातांत बसले. काळं वळण एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ गेलं आणि गोल फिरलं.

"अहो, मला वाटलं... जुन्या वीटभट्टीचा राडारोडा..." वादिम चाचरला.

"मग घाणीखाली का पुरलात?" झ्लाताने विचारलं.

वादिम खड्ड्यातून वर चढू लागला. अध्यक्षांनी कागद फाडला, काम बंद ठेवायचा हुकूम दिला आणि घळीचीही चौकशी लावली. "शाब्बास! कीव्हमध्येही अशी नजर क्वचित दिसते!" म्हणत त्यांनी सगळ्यांत मोठ्या उस्तिमपुढे हात केला. मग त्याची नखं बघितली आणि हात हळूच खिशात घातला.

मेलानियाआजीने मात्र उस्तिमचे दोन्ही पंजे आपल्या हातांत घट्ट धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"सही करायला आलेले स्वच्छ हात मी आयुष्यभर बघितले," ती म्हणाली. "असे हात मला आज मिळाले. आता घासून धू, आणि ये. उद्यापासून खणायचंय."

"आणि आज?" यार्कोने विचारलं.

"आज तू आंघोळ कर, बाळा. लांब जाऊन."