पिवळ्याचा आकडा

स्क्रीनवरचा फोटो आणि कागदावरचा फोटो यांचे रंग जुळवणं हे माझं काम. एकवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, त्यात काय मोठं, बटण दाबलं की झालं. पण स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो आणि कागद उसन्या उजेडावर जगतो. या दोघांचं एकमत करणं म्हणजे दोन जावांचं एकमत करण्यासारखं आहे. दुसऱ्या रंगाची झाक पडू नये म्हणून माझ्या खोलीच्या भिंती करड्या, पडदे करडे, अंगावरचा कोटही करडा. बायको म्हणते, तुम्ही राखेच्या डब्यात नोकरी करता.

सकाळी आल्यावर स्क्रीन अर्धा तास तापू द्यायचा. मग शेजारच्या उघड्या पेटीतला पांढरा दिवा लावायचा, त्याखाली प्रिंट ठेवायची आणि दोन्हीकडे आळीपाळीने बघायचं. शेवटचा शब्द मात्र डोळ्यांचा नाही, एका मुठीएवढ्या यंत्राचा. ते कागदावर टेकवलं की पोटातल्या काचेतून रंग बघतं आणि आकडे सांगतं: किती उजळ, किती लाल, किती पिवळा. यंत्राला कुणाची भीड नसते, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

त्या सोमवारी मी ताईचा फोटो छापला. दोन वर्षांपूर्वी तिच्या गॅलरीत काढलेला. मधे खुर्चीत आई, मागे ताई आणि भाऊजी, कडेला मी. मी तो छापला तेव्हा आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. ताईला तो भिंतीवर लावायला हवा होता, मोठा, एकेक चेहरा तळहाताएवढा.

पहिल्या दिवशी सगळं जुळलं. शाई मुरायला प्रिंट रात्रभर तशीच ठेवतात. मंगळवारी पाहिलं, तर भाऊजींचा चेहरा पिवळट. यंत्र लावलं. पिवळ्याचा आकडा तीनने वाढलेला. त्यांच्या शर्टाची पांढरी कॉलर चेहऱ्याला लागूनच होती, ती जशीच्या तशी. आमचेही चेहरे तसेच दिसत होते. स्क्रीनवरचा फोटोही होता तसाच.

छपाईचं मशीन चालवणाऱ्यांना आम्ही मास्तर म्हणतो, कारण ते सगळ्यांच्या चुका काढतात. त्यांनी शाई तपासली, कागद तपासला, माझं यंत्रसुद्धा दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिलं. दोष कुठेच नव्हता. आम्ही नवी प्रिंट काढली. बुधवारी सकाळी नवी आणि जुनी, दोन्हींमध्ये भाऊजी पिवळे. वाढ आता पाचवर.

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, "शाई काय माणूस बघून पिवळी पडते?"

गुरुवारी आठ. शुक्रवारी अकरा. खरं सांगायचं तर मला तोवर भीती वाटली नव्हती, मजा वाटत होती. एवढ्या वर्षांत न सुटलेलं कोडं समोर आलं नव्हतं. मी वहीत आकडे मांडले, रेघ ओढली. रेघ सरळ वर चालली होती. ती बघताना माझ्या मनात आलं की हा रंग मी कुठेतरी पाहिलाय. कागदावर नाही, माणसात. शेजारचे एक गृहस्थ कावीळ होऊन गेले, त्यांच्यात.

मी ताईला फोन लावला. काय आणि कसं विचारावं कळेना. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर भाऊजींची चौकशी केली. ती म्हणाली, तसे बरे आहेत, जेवण जरा कमी झालंय, थकवा आहे, वयाचं चालायचंच. भाऊजींचा रंग सावळा, चेहऱ्यावरून चटकन काही कळणारं नव्हतं.

"त्यांना खिडकीपाशी ने," मी म्हणालो. "डोळ्यांतलं पांढरं बघ."

ती फोन तसाच ठेवून गेली. लांबून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, भाऊजी वैतागलेले. मग तिची पावलं.

"पिवळं आहे रे," ती हळूच म्हणाली.

पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. शनिवारी दवाखान्यात नेलं, रविवारी तो काढला. आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. ताईने मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं आणि तुला कसं कळलं म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिला ती थट्टा वाटली. डोळे पुसत हसली, म्हणाली, तू लहानपणापासून असाच.

सोमवारपासून प्रिंटमधला पिवळा उतरू लागला. रोज थोडा. नवव्या दिवशी भाऊजी स्क्रीनशी तंतोतंत जुळले, त्याच दिवशी ते घरी आले.

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "जुळलं ना? मग पाकिटात घाला आणि देऊन टाका. आता मोजू नका."

माझा हात थांबला नाही. प्रिंट देण्याआधी सगळे चेहरे एकदा मोजायचे, हा माझाच नियम. आधी स्वतःचा मोजला. जुळला. ताईचा जुळला.

आईचा मी पहिल्या दिवसानंतर मोजलाच नव्हता. मोजायचं कशाला?

फोटो काढला तेव्हा तिला दम लागत असे. ओठ निळसर झालेले. मी ते तसेच छापले होते, रंग सुधारले नव्हते. आता यंत्र सांगत होतं की ओठांवरचा निळा कमी झालाय. गालावरचा लाल दोनने वाढलाय. मी तीनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी लाल साडेतीनने जास्त.

ताईचा फोन आला. भाऊजी घरी बसून कंटाळलेत, फोटो कधी देतोस म्हणून विचारत होती. मी म्हणालो, जाड कागद संपलाय. बहिणीशी मी सहसा खोटं बोलत नाही.

पाचव्या दिवशी तर यंत्राची गरजच उरली नाही. स्क्रीनवर आई आजारी होती. कागदावर नव्हती.

आज सकाळी मी यंत्र तिच्या ओठांवर टेकवलं. आकडा येईना. पुन्हा टेकवलं. काच तपासा, असा इशारा येत राहिला.

माझ्या खोलीची हवा कोरडी ठेवलेली असते, कागदासाठी.

यंत्र ताईवर ठेवलं. आकडा आला. भाऊजींवर आला. माझ्यावर आला.

पुन्हा आईच्या ओठांवर ठेवलं, दहापर्यंत मोजलं आणि यंत्र उलटं करून दिव्याखाली धरलं.

काचेवर वाफ धरली होती.

मी ती मऊ फडक्याने पुसली आणि यंत्र पुन्हा तिथेच ठेवलं.