पुण्याचा डॉक्टर आणि तुरीची टरफलं

सोयगावहून निघालेल्या एसटीत, सिल्लोडच्या जरा अलीकडे करुणाच्या लक्षात आलं, की कुणीतरी आपली पर्स खातंय.

चोरत नव्हतं... खात होतं! तिनं खाली पाहिलं. शेजारी बसलेल्या तरुणाच्या पायाशी टोपली, टोपलीतून बाहेर आलेली कोंबडीची मान, आणि चोचीत तिच्या तागाच्या पर्सचा गोंडा. गुलमंडीच्या बाजारात तासभर घासाघीस करून हौसेनं घेतलेली पर्स!

"अहो! तुमची कोंबडी माझी पर्स खातेय!"

तरुण दचकला. त्यानं गोंडा सोडवायला हात घातला, करुणानंही घातला, आणि दोघांची बोटं एकमेकांना लागली. कोंबडीनं मात्र गोंडा सोडला नाही.

"सॉरी मॅडम... भुकेली नाय ओ ती. पोटभर खाऊन निघालीय."

"मग काय हौस म्हणून खातेय?"

"आवडली आसंल," तो म्हणाला. मग जरा थांबून — "चांगलीच हाय पर्स."

त्याची नजर पर्सवर नव्हती. करुणाला राग आला, आणि तो जितका यायला हवा होता तितका आला नाही याचा आणखी राग आला. तेवढ्यात तिला कोंबडीची पाठ दिसली. उघडी, लालभडक.

"पिसं कुठं गेली हिची?"

"बाकीच्या उपटून खात्यात. समद्या शेडमधी ह्येच चाललंय. खाली आंथरलेला भुसा बी खात्यात, आन वरून हगवण. तिकडं शहरात, उस्मानपुऱ्यात, कोंबड्यांचे कुणी डॉक्टर हैत म्हणं... हिवराळे. त्यांच्याकडंच चाललोय."

"हिवराळे मीच. डॉक्टर करुणा हिवराळे."

तो इतका वेळ बघत राहिला, की कोंबडीनं गोंडा तोडून गिळूनही टाकला.

त्याचं नाव ऋतुराज. वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यानं गावी अंडी देणाऱ्या कोंबड्यांची शेड टाकली होती. दवाखान्यात करुणानं कोंबडी नीट तपासली, विष्ठा काचेखाली पाहिली, मग विचारलं, "खायला काय घालता?"

"एकदम साफ खाणं," ऋतुराजनं छाती फुगवली. "भरडा आणतो आन सोता चाळतो. कोंडा नाय, टरफल नाय. आई म्हनती, आपल्या कोंबड्या मैदा खात्यात."

"आणि औषध?"

"जंतूंचं? ते रोज पाण्यात. रोग यायच्या आधीच बंदोबस्त!"

झालं. करुणाचा पारा चढला. असे चाळणीवाले तिनं कमी पाहिले नव्हते, पण इतक्या प्रेमानं सत्यानाश करणारा हा पहिलाच.

"तुम्ही पिसं खायला लावलीत त्यांना! कोंबडीला दात नसतात. तिच्या पोटात एक जाड पिशवी असते, ती जात्यासारखी दळते. दळायला खरखरीत काही हवं ना? तुम्ही मैदा घालून ते जातं बंद पाडलंत. मग ती भुसा खाणार, पिसं खाणार, माझी पर्स खाणार!"

"पर्स भरून देतो..."

"पर्स गेली खड्ड्यात! पुढं ऐका. आतड्याच्या टोकाला दोन पिशव्या असतात. तिथं कोट्यवधी जंतू राहतात, चांगले जंतू. कोंबडीला न पचणारा चोथा ते आंबवतात, त्यातून आतड्याचं अस्तर पोसलं जातं, आणि वाईट जंतूंना तिथं पाय ठेवायला जागा मिळत नाही. तुम्ही त्यांचा चोथा चाळून फेकता, आणि वरून रोज औषध घालून त्यांनाच मारता. घरच्या माणसांना उपाशी ठेवून वर घराबाहेर काढायचं, आणि मग म्हणायचं चोर शिरले!"

कुणी आपल्याला इतकं झाडतंय आणि आपल्याला ते ऐकावंसं वाटतंय, हे ऋतुराजच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मग करू काय?"

"चाळणी बंद. डाळ मिलमधून तुरीची टरफलं आणा, भरड्यात थोडी थोडी मिसळा, किती ते मी सांगते. शेडमध्ये हिरव्या लसूणघासाच्या पेंढ्या टांगा, दिवसभर टोचत बसतील. औषध बंद. रोग दिसला तर मी देईन, नसताना नाही. आणि..." ती थांबली. हे बोलायला तिला दरवेळी जड जायचं. "एक अट आहे. कुणी विचारलं, तर सल्ला माझा होता हे सांगायचं. लोक माझं ऐकतात आणि नाव दुसऱ्याच कुणाचं घेतात. कॉलेजपासून हेच चाललंय. मला चीड आहे त्याची."

"शब्द देतो," ऋतुराज म्हणाला. "तुमचंच नाव घेईन."

मग दर आठवड्याला तो यायला लागला. प्रेमात पडलेली माणसं फुलं आणतात, हा गृहस्थ आइस्क्रीमच्या डब्यात कोंबड्यांची विष्ठा घेऊन यायचा. आणि डब्याचं झाकण उघडताना डॉक्टरीणबाई केस नीट करायच्या!

"आता घट्ट झालीय," ती म्हणायची.

"व्हय. पिसं बी फुटायलीत." मग खिडकीबाहेर बघत, "तुम्ही... आज कमी चिडलात."

"का, सवय झाली?"

"आठवडाभर वाट बघतो ना मी... चिडण्याची."

ती कागदावर उगाच काहीतरी खरडायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कुणाला कळलं नाही. शेड बघायला येते म्हटलं, की तो मात्र म्हणायचा, रस्ता लई खराब आहे. एवढंच काय ते खटकायचं.

शेवटी एका लसीकरण शिबिरासाठी ती सोयगावला गेली, आणि परतताना न सांगता त्याच्या शेडवर थडकली. रस्ता चांगला गुळगुळीत होता. शेडमध्ये घासाच्या पेंढ्या टांगलेल्या, कोंबड्यांच्या पाठी पिसांनी भरलेल्या. करुणाचे डोळे भरून आले. पायरीवर ऋतुराजचे वडील, आप्पासाहेब बसले होते.

"लई छान आहेत हो कोंबड्या," ती म्हणाली.

"असणारच! पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला आहे. आमच्या ऋतुराजनं गाठलं त्यांना. त्यांनीच टरफलं सांगितली, घास सांगितला. तुम्ही कोण?"

"मी पण डॉक्टर. करुणा हिवराळे. उस्मानपुऱ्यात असते."

"हिवराळे... अच्छा." 

तो ‘अच्छा’ जरा लांबला. तो लांबलेला ‘अच्छा’ करुणा शाळेपासून ओळखत होती. त्याच्यानंतर लोक पुढचं काही विचारत नाहीत. आप्पासाहेबांनीही विचारलं नाही. आणि शेडच्या दारात ऋतुराज उभा होता, सगळं ऐकत, तोंडातून चकार शब्द न काढता!

ती तरातरा रस्त्याकडे निघाली. तो मागे धावला.

"करुणा... ऐक ना. आप्पांनी ऐकलंच नसतं गं. बाईमाणूस म्हणून..."

"बाईमाणूस म्हणून? की हिवराळे म्हणून?"

त्यानं मान खाली घातली.

"बोल ना! माझी अक्कल चालते तुमच्या शेडला, आडनाव चालत नाही? एक शब्द मागितला होता मी तुझ्याकडं. एकच! माझं नाव तुझ्या घरात घेता येत नसेल, तर माझ्या दारात येऊ नकोस. डबा घेऊनही नाही आणि डब्याशिवायही नाही."

एसटीत ती रडली, आणि या माणसासाठी रडतेय म्हणून स्वतःवरही चिडली.

ऋतुराज आला नाही. आलं ते आमंत्रण, शिबिरात भेटलेल्या सोयगावच्या एका कोंबडीवाल्याकडून, फोनवर. आप्पासाहेबांनी शेडवर तालुक्यातल्या सगळ्या कोंबडीवाल्यांना बोलावलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार होता! करुणानं ठरवलं, जायचंच. माझी शाल कोण पांघरतंय ते तरी बघू.

शेडपुढच्या मंडपात ती मागच्या रांगेत बसली. पुढं मनकर्णाबाई, ऋतुराजची आई, तबक घेऊन उभ्या. डॉक्टरांना बोलवायचं काम ऋतुराजवर सोपवून आप्पासाहेब सारखे रस्त्याकडे बघत होते. "आरं, कुठवर आले डॉक्टर?"

ऋतुराज उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणी येणार नाय आप्पा. पुण्याचा डॉक्टर नाहीच. खोटं बोललो मी." मंडपात कुजबुज झाली. "सल्ला डॉक्टर करुणा हिवराळेंचा. उस्मानपुऱ्याच्या. आडनाव ऐकून तुम्ही टरफलांना हात लावू दिला नसता, म्हणून लपवलं. तुमची भीती नव्हती तेवढी... मीच भित्रा. त्यांना शब्द दिला होता, तो मोडला." मग त्याला ती दिसली. "त्या मागं बसल्यात."

सगळ्या माना वळल्या. आप्पासाहेब सावकाश चालत तिच्यापाशी आले.

"चाळणी बंद करा, तुम्हीच सांगितलं?"

"हो."

"आन औषध बी?"

"हो."

"मग त्या दिवशी आलात, तवा बोलायचं व्हतं."

"बोलले होते," करुणाचा आवाज चढला. "मी डॉक्टर आहे म्हणाले. तुम्ही माझं आडनाव ऐकलंत आणि गप्प बसलात. कोंबड्यांबद्दल एक प्रश्न विचारला असतात, तर सगळं सांगितलं असतं."

आप्पासाहेबांनी वळून मनकर्णाबाईंकडे पाहिलं; त्या आधीच तबक घेऊन निघाल्या होत्या. आप्पासाहेबांनी नारळ उचलला, तिच्या हातात दिला. हसले नाहीत. पण दिला त्यांनी, सगळ्यांच्या देखत.

मंडप उठल्यावर ऋतुराज जवळ आला. "माफ केलंस?"

"नाही. इथं नाव घेतलंस, ठीक. उस्मानपुऱ्यात माझे आईबाबा आहेत. तिथं येऊन सांग, तू कोण, आणि तुला काय हवंय."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं मोटारसायकल काढली. ती मागे बसली, आणि हळूच म्हणाली, "घरी काय सांगून निघालास?"

ऋतुराजनं गाडी थांबवली. मागे वळला, आणि खुर्च्या उचलणाऱ्या माणसांनाही ऐकू जाईल असा ओरडला, "आप्पा! करुणाच्या घरी चाललोय! तिला मागणी घालायला!"

आप्पासाहेब जागच्या जागी उभे राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मनकर्णाबाई मात्र लगबगीनं शेडमध्ये शिरल्या आणि अंड्यांचा भरलेला ट्रे आणून करुणाच्या मांडीवर ठेवला.

"सोयरिकीला मोकळ्या हातानं जातंय व्हय रं कुणी?"

उस्मानपुऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता, मांडीवर ट्रे, आणि मध्ये सिल्लोडचे खड्डे! करुणानं एका हातानं ट्रे धरला, दुसऱ्या हातानं त्याचा खांदा.

"नीट चालव. एक जरी फुटलं ना..."

"तर?"

"तर मी चिडेन."

"मग आत्ता काय हायेस?"

करुणानं खांद्यावरचा हात काढून त्याच्या कमरेभोवती टाकला.