झाकणाखालची सात धिरडी

करपल्याचा वास जिना चढून वर आला, तेव्हा ती तोंडात टाचणी धरून कुणाच्या तरी झग्याचा घेर टाचत होती. नव्या खोलीतला पहिलाच रविवार, आणि खाली आग? ती तशीच धावत सुटली.

आग नव्हती. खालच्या दुकानातला घड्याळजी होता. मागच्या खोलीत, बिडाच्या तव्यापुढे, हातात उलथनं आणि तोंड परीक्षेत नापास झाल्यासारखं.

"मक्याच्या पिठाची धिरडी..." तो पुटपुटला. "आई करायची. तिच्या वहीत लिहिलंय, पीठ घेईल तेवढं पाणी. आता पीठ किती घेतं, हे मी विचारू कुणाला?"

तिला हसू फुटलं, ओठांतली टाचणी खाली पडली. "पिठालाच विचारा! आणि पाणी उकळतं घाला हो, गार नाही. मग झाकून दहा मिनिटं धीर धरा."

"धीर... तो आहे माझ्याकडे."

"दिसतोय."

त्यानंतर दर रविवारी सकाळी तोच करपट वास यायचा, आणि शिवणकामवाल्या बाई मशीन तशीच सोडून खाली हजर. ती पीठ भिजवायची, डावाने तव्यावर घालायची, आणि कडा सोनेरी होईपर्यंत दोघं तव्याकडे बघत बसायची. निदान ती तरी तव्याकडे बघायची. तो कुठे बघतोय, ते तिला न बघताच कळायचं... खिडकीबाहेर धुकं रेंगाळायचं, भिंतीवरची घड्याळं हळू टिकटिकत राहायची. मनातल्या मनात तिने त्याच खोलीत कधीच संसार थाटला होता.

पण हा बाबा तोंड उघडेल तर शपथ! अडीच महिने असेच गेले. आणि परवा ताईचं पत्र आलं. तिच्या शहरात चांगली नोकरी आहे, सोमवारपर्यंत कळव.

आज रविवार. ती वासाची वाट न बघता खाली उतरली. ओट्यावर झाकलेलं ताट होतं. तिने झाकण उचललं, तर आत सात धिरडी. गोल, सोनेरी, जाळीदार... तिच्याहून सरस! आणि तो पाठमोरा उभा. आठवं धिरडं मोठ्या आचेवर ठेवून पुठ्ठ्याने धुराला वारा घालत होता, थेट जिन्याच्या दिशेने.

"अच्छा! असे उद्योग चालतात होय!"

तो दचकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कधीपासून जमतात?"

"दुसऱ्या रविवारपासून."

"आणि मी वेड्यासारखी शिकवतेय!"

"तुम्ही छान शिकवता... म्हणून तर—"

रागवायचं होतं तिला. पण डोळेच भरून आले.

"ताईने बोलावलंय. नोकरी आहे तिकडे. उद्या 'हो' कळवायचंय मला."

त्याने गॅस बंद केला.

"जाऊ नका."

"का?"

"प्रेम आहे माझं... तुमच्यावर."

"तुमच्यावर?" तिने डोळे पुसत भुवई उडवली. "अहो, 'तुम्ही' म्हणायला गिऱ्हाइकं आहेत की मला. त्यासाठी कशाला थांबू?"

केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा बसवणाऱ्या हातांनी त्याने पुठ्ठा बाजूला ठेवला.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

तिने त्याचा पीठ लागलेला हात आपल्या हातात घेतला.

"नाही जात. पण... पुन्हा एकदा म्हण ना."