फिलोमिनाच्या बापाचं नाव

माझ्या वर्गातल्या एका मुलीचा जन्म त्या माणसाच्या कोपराखाली अडकला होता, म्हणून मी त्याच्याशी बोलले. नाहीतर मी कशाला बोलते?

१९५२ सालचा जानेवारी. नंदाखालच्या पलीकडे केळीच्या वाड्यांत दडलेलं आमचं गाव, आणि मी तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. दाखल्यासाठी एका मुलीची जन्मतारीख हवी होती. ती बाप्तिस्म्याच्या वहीत मिळते. देवळाच्या कचेरीत गेले तर टेबलावर जुन्या वह्यांचा ढीग, आणि ढिगामागे नाकाला रुमाल लावून शिंकणारा एक चष्मेवाला तरुण. मला हवी ती वही उघडीच होती. तिच्यावर याचं कोपर.

"जरा कोपर उचलता का?"

"एक मिनिट... मी वसईचा इतिहास लिहितोय."

"कोणाचा?"

"म्हणजे... सगळ्यांचा."

"मग आधी माझ्या विद्यार्थिनीपासून सुरुवात करा. कोपराखाली आहे ती."

त्याने घाईने कोपर उचललं आणि दौत कलंडवली. वही वाचली, शर्ट गेला. मी हसले नाही... म्हणजे, दाराबाहेर पडेपर्यंत हसले नाही.

त्याचं नाव ॲन्सेल्म तुस्कानो. गाव भुईगाव, मुंबईच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा, आणि पुस्तक लिहायला सहा महिन्यांची रजा काढून आला होता. गावात शिकलेला माणूस आला की आमचे लोक त्याला मोकळा सोडत नाहीत. वाचनालयाच्या मंडळींनी त्याच्याकडून तीन रविवारची तीन भाषणं कबूल करून घेतली: सरकार, समाज आणि साहित्य.

पहिल्या रविवारी मी बायकांच्या बाकावर पुढेच बसले. का, ते विचारू नका.

"पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले," तो सांगत होता. "प्रत्येकाने किल्ल्यावर निशाण लावलं. पण राज्य कोणाचं, हे निशाणावरून कळत नाही. वही कोणाच्या हातात आहे, त्यावरून कळतं. आता पहिल्यांदाच आपण सगळ्यांनी मतं टाकली. आता वही आपली!"

टाळ्या झाल्या. मी उभी राहिले. "प्रोफेसर, मतदारांच्या यादीत माझ्या शेजारणीचं नाव 'पास्कूची बायको' असं लिहून आणलं होतं. भांडून बदलून घेतलं आम्ही. वही आपली म्हणजे नक्की कोणाची हो?"

सगळं वाचनालय हसलं. तो मात्र हसला नाही. खिशातून कागद काढून त्याने तिथल्या तिथे काहीतरी लिहून घेतलं, आणि मग माझ्याकडे बघत म्हणाला, "हे माझ्या पुस्तकात जाणार. तुमचं नाव घालून. कोणाची बायको म्हणून नाही."

"मी कोणाची बायको नाहीच आहे," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर कान गरम झाले.

मग काय... त्याचं अक्षर कोणालाच लागत नाही, असं निमित्त निघालं. त्याची टिपणं मी स्वच्छ उतरवून द्यायची, असं ठरलं. रोज शाळा सुटल्यावर तो पानवेलींच्या कडेने सायकल ढकलत माझ्याबरोबर आमच्या घरापर्यंत यायचा. रहाटाची करकर, पाटाचं पाणी, आणि आमची भांडणं.

"गाणी गोड असतात, इनेझबाई. पण पुरावा नसतात. माणसं विसरतात, कागद विसरत नाही."

"कागद लिहितं कोण? माणूसच ना? तो झोपेत असला तर?"

"सही करताना कोणी झोपत नाही."

"आमचे हेडमास्तर झोपतात. येऊन बघा."

तो मोठ्याने हसायचा.  आणि मग माझ्याकडे असा बघायचा, की माझी पाटावरची उडी चुकायची. दोनदा पडले. दुसऱ्यांदा त्याने हात धरला आणि सोडायचा विसरला. माणसं विसरतात म्हणाला होता, ते खरंच होतं म्हणायचं.

ईस्टर झाल्यावर एका संध्याकाळी आमच्या कुंपणाशी तो थांबला. "इनेझबाई, माझं अक्षर जगात फक्त तुम्हांला लागतं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांची सोय लावायला हवी... तुमची हरकत नसेल तर."

"आधी सायकल नीट धरा," मी म्हणाले. "माझ्या पायावर आहे. आणि हरकत नाही."

दोन्ही घरांनी होकार दिला. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात दोघांची नावं वाचतात. कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्याने पुढे येऊन सांगायचं. माझी सालोमी आत्या तर वेडीच झाली आनंदाने. सदुसष्ट वर्षांची, बाबांची थोरली बहीण. आमचं घर तिच्याच हुकमावर चालायचं. माझं लग्न जमत नाही म्हणून तिने किती नवस केले होते, ते एक तिला ठाऊक आणि एक देवाला.

पहिल्या रविवारच्या दोन दिवस आधी ॲन्सेल्म आला. सायकल न घेता, चालत. चेहरा पांढराफटक.

"इनेझ," तो म्हणाला. नुसतं इनेझ.

त्याच्या बाबांची आई बाबा तान्हे असतानाच वारली होती. ती 'नंदाखालच्या बाजूची' एवढंच घरात ठाऊक होतं. कोणी तिचं नावही घ्यायचं नाही. तिच्यामागून आलेल्या सावत्र आजीचाच सगळा संसार. लग्न ठरल्याच्या आनंदात त्याला वाटलं, आजीला शोधून काढावं. आजोबांच्या नावावरून आमच्याच देवळाच्या लग्नाच्या वहीत ती सापडली. १८९० साल. नवरी फिलोमिना, बापाचं नाव बस्त्याव फुर्ट्याडो.

बस्त्याव फुर्ट्याडो म्हणजे माझे पणजोबा.

"माझी आजी आणि तुझे आजोबा सख्खी भावंडं," तो म्हणाला. "एवढ्या जवळच्या नात्यात लग्न लागत नाही."

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि आता तुला."

त्या शब्दांची किंमत मला तेव्हा कळली नाही. इतकंच कळलं की वही पोर्तुगीज भाषेत आहे, दुसरं कोणी ती उघडणार नाही, आणि हा माणूस गप्प राहिला असता तर काहीच झालं नसतं. मला त्याचा इतका राग आला! "मग सांगायला कशाला आलात?" मी ओरडले. "नसतं वाचलं तर?"

"वाचलं ना पण," तो म्हणाला. मग तो फादरांकडे गेला आणि त्यांनाही त्याने तेच सांगितलं.

बिशपसाहेबांकडून परवानगी मागता येते, असं फादर म्हणाले. पण बाबांनी मान हलवली. रक्तातल्या नात्यात मुलगी द्यायची नाही, मग कोणीही परवानगी देवो. रविवारी आमची नावं वाचली गेली नाहीत. मी मिसाच्या प्रार्थनेभर खाली मान घालून बसले, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. लपवून काय करू? खूप रडले.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. अंगणात आत्या सुकेळी वाळवायच्या जाळीवर सोललेली केळी उलटीसुलटी करत बसली होती. माझ्या लग्नासाठी काढून ठेवलेलं गाणं तिच्या तोंडून आपोआप निघत होतं, कोणाला ऐकवायला म्हणून नाही. हात चालले की तिचा गळा चालतो.

*बस्त्यावाच्या मांडवात कोन नवरी उभी गं,*
*पाचूबंदरच्या पेद्रूची पोर पोरकी उभी गं...*

हे गाणं मी पाळण्यापासून ऐकत आले होते. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात बायका ते म्हणतात. पण ऐकत आले म्हणजे कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं.

"आत्या... ही पोर कोण?"

"कोन म्हंजे? फिलू."

"फिलोमिना?"

"हां. माझा बाप लहान होता तवाची गोष्ट. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात पटकी आली, हिचे आय-बाप दोगं एका दिसात गेले. बस्त्याव आज्जा मासली आनाया गेलेला, तो पोरीलाच घेऊन आला. पोटच्या पोरीवानी वाढवली, मांडव घालून लगीन लावून दिलं. लई गुनाची होती, सांगत. भुईगावला दिली, तिकडंच मेली बिचारी."

"आत्या! हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मना कोनी विचारलं?" आत्या जाळीवरून मान वर न करता म्हणाली. "तुमी समदे त्या वहीतच घुसलेले. आन् त्याची आजी फिलू हाय, हे मना कोन बोललं? बाप्ये बसले ओटीवर, मी रांधनीत. तुजा बाप तर फिलूच्या लग्नामागून जन्मला, त्याला काय ठावं?"

मी अनवाणीच धावले.

ॲन्सेल्म देवळाच्या कचेरीत सामान बांधत होता. मुंबईला परत निघाला होता. मी दारातच धापा टाकत आत्याची गोष्ट सांगितली आणि ते गाणं म्हटलं. माझा गळा भसाडा आहे, पण त्याने टोकलं नाही. दुसरी ओळ ऐकून तो मटकन खुर्चीत बसला.

"वहीत 'बाप' लिहिलंय," तो पुटपुटला.

"मांडवात बापाच्या जागी जो उभा राहिला, त्याचं नाव लिहिलं असेल लिहिणाऱ्याने. बस्त्यावाने काय म्हणायला हवं होतं? ही माझी नाही?"

"पण गाण्यावर फादर परवानगी देणार नाहीत, इनेझ."

"नका देऊ म्हणावं. पेद्रूने पोरीला बाप्तिस्मा दिलाच असेल ना? चला पाचूबंदरला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यात आम्ही चौघं: फादर, तो, मी आणि आत्या. आत्याने कोणाला न विचारता पुढची जागा पकडली होती. कोळ्यांच्या देवळातल्या त्या वहीला खाऱ्या हवेची ओल लागली होती. पानं एकमेकांना चिकटलेली. ॲन्सेल्म एकेक पान फुंकर घालून सोडवत होता. १८७०... ७१... त्याचं बोट ओळींवरून सरकत होतं.

बोट थांबलं.

फादरांनी त्याच्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचलं. "फिलोमिना. बापाचं नाव पेद्रू, धंदा मासेमारी, राहणार पाचूबंदर. आणि इथे कडेला कोणीतरी नंतर लिहिलंय... आईबाप पटकीत वारले, मुलगी बस्त्याव फुर्ट्याडो यांच्या घरी दिली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "येत्या रविवारी नावं वाचतो. तुमच्या बाबांना मी स्वतः सांगेन."

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी भिंतीला टेकले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे वाहायला लागले.

बाहेर बंदरावर होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव जोरात चालला होता. फादर आत दाखला लिहीत बसले, आत्या कोळणींच्या गर्दीत घुसली. आम्ही दोघंच उरलो.

"आयुष्यात एवढा मोठा मी कधी चुकलो नव्हतो," ॲन्सेल्म म्हणाला, "आणि चुकल्याचा एवढा आनंदही कधी झाला नव्हता." मग हळूच म्हणाला, "तुझा राग गेला का? मी सांगायला आलो होतो, त्याचा?"

चार रात्री मी याच प्रश्नाशी भांडत होते.

"तुम्ही ते पान मिटून गप्प राहिला असतात ना," मी म्हणाले, "तर परवाच्या रविवारी आपली नावं वाचली गेली असती. मी आनंदाने लग्न केलं असतं. आणि पुढे कधीतरी मला ते कळलं असतं, तर... तुमच्या एकाही शब्दावर मी पुन्हा विश्वास ठेवला नसता." "त्या दिवशी तुम्ही माझ्याशी ठरलेलं लग्न मोडायला आलात. मी रडले, ओरडले, सगळं केलं. पण खरं सांगू? तुमच्यावर प्रेम मला त्याच दिवशी बसलं. त्याआधी नुसते आवडत होतात."

इतिहासाच्या प्रोफेसराला भर बाजारात रडताना बघायला चार कोळणी थांबल्या, आणि त्यांच्यामधून आत्याचा आवाज आला.

"ए इनेझ! विचार त्याला, कोलंबी चालते का पापलेट? फिलूच्या नातवाला तिच्या गावचं मासं मीच रांधून घालनार!"

"दोन्ही!" ॲन्सेल्मने ओरडून सांगितलं, आणि सगळ्या बंदरासमोर माझा हात धरला. या वेळी तो काहीही विसरला नव्हता.